झिंक खाणारी हिरवी वायर

मेरीलँडमध्ये ॲनापोलिसजवळच्या एका खाडीत आमची जुनी शिडाची बोट बांधलेली असते. फायबरग्लासची बोट, खाली ब्राँझचा प्रोपेलर, स्टेनलेसचा शाफ्ट आणि शाफ्टवर आवळलेली झिंकची कॉलर. कॉलर झिजते म्हणून प्रोपेलर टिकतो, तिचं कामच ते. पण एप्रिलमध्ये लावलेली नवी कोरी कॉलर जुलै उजाडायच्या आत चाळणी होत होती. बोटीच्या तळाची सफाई करणारा पाणबुड्या वर आला की उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवायचा आणि तो नुसत्या बोटांनी मोडायचा. त्याच धक्क्यावरच्या काही बोटींचं झिंक मात्र आरामात हंगामभर पुरत होतं.

मरीनाच्या, म्हणजे बोटी बांधायच्या या धक्क्याच्या, ऑफिसात विचारलं, तर उत्तर मिळालं, "मोठं झिंक लावा." या उत्तराचा मला आजही राग येतो. झिंक इतक्या वेगानं जातंय म्हणजे कुठेतरी करंट वाहतोय, आणि तो कुठे जातोय हे शोधायचं सोडून त्याला आणखी खाद्य का पुरवायचं?

हिशोब साधा आहे. एक किलो झिंक साधारण ७८० अँपिअर-तास करंट देऊन संपतं. आमची कॉलर सुमारे ४०० ग्रॅमची. नुसता १०० मिलीअँपिअर करंट सतत वाहिला तरी ती चार महिन्यांत संपेल, आणि कॉलर तर निम्मी झिजली की बदलायची असते. म्हणजे दोनच महिने!

धक्क्यावरच्या विजेच्या खांबाला बोटीची केबल जोडली की त्यातली हिरवी वायर, म्हणजे आपलं अर्थिंग, आपल्या बोटीचा सगळा धातू धक्क्याच्या अर्थिंगला आणि तिथे प्लग लावलेल्या प्रत्येक बोटीच्या धातूला जोडते. खारं पाणी आहेच. मग सगळ्यांची मिळून एक मोठी बॅटरी तयार होते. शेजाऱ्याचं झिंक संपलेलं असेल, किंवा धक्क्याची पोलादी भिंत त्याच अर्थिंगला जोडलेली असेल, तर आपलं झिंक त्यांच्यासाठीही झिजत राहतं.

हे नुसतं ऐकून गप्प बसू नका, मोजा. मी सिल्व्हर-क्लोराइडचा रेफरन्स सेल, म्हणजे पाण्यातल्या धातूचा व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजायचा ती कांडी, मागून आणला. तो बोटीशेजारी पाण्यात सोडायचा, मल्टीमीटरचं एक टोक त्याला आणि दुसरं बोटीतल्या अर्थिंगला लावायचं. केबल काढलेली असताना आमचं रीडिंग उणे ९६० मिलिव्होल्ट आलं, म्हणजे प्रोपेलर नीट सुरक्षित. केबल लावली आणि ते उणे ७१० वर आलं, म्हणजे संरक्षण घटलं. बोटीत काहीही बदललं नव्हतं. चोर प्लगमधून येत होता, याचा मला पुरावा मिळाला.

उपायही ठाऊक होता: गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. हिरव्या वायरमध्ये बसणारी छोटी पेटी. तिच्यातले डायोड सव्वा व्होल्टच्या आसपासचा डीसी दाब अडवतात, पण बोटीत शॉर्ट झाला तर तो करंट जमिनीकडे जाऊ देतात. पेटी बसवायला अनुभवी हाताला अर्धा दिवसही लागत नाही.

आणि इथेच गाडं अडलं. मरीनाचा नियम असा की धक्क्यावर बांधलेल्या बोटीवर बाहेरच्या इलेक्ट्रिशियननं काम करायचं, तर त्याच्या विम्याच्या प्रमाणपत्रावर मरीनाचंही नाव हवं. नियम चुकीचा नाही, पाण्यात विजेचं काम आहे. पण त्यासाठीचा फॉर्म ज्या बाईंकडे द्यायचा, त्या आठवड्यातले मोजकेच दिवस ऑफिसात. इलेक्ट्रिशियननं विमा कंपनीकडून प्रमाणपत्र मागवलं, तर त्यावर मरीनाचं नाव दुकानाच्या पाटीवरचं आहे, कंपनीचं नोंदणीकृत नाही, म्हणून परत आलं. सुधारून दिलं, तर ते ज्या ईमेलवर पाठवलं ती पेटी कोणी उघडतच नव्हतं. मी स्वतः छापील प्रत नेऊन दिली. "वरून मंजुरी आली की कळवू." वर कोण, ते कोणी सांगेना. तोवर इलेक्ट्रिशियनचा हंगाम भरात आला आणि आमची पाळी मागे गेली. मग मंजुरी आली ती केबिनमध्ये वायरिंगला हात लावायला. हिरवी वायर आत येते त्या जागेचा उल्लेखच नव्हता. पुन्हा फॉर्म, पुन्हा त्या बाई सुट्टीवर. आणि दर खेपेला, "तोवर मोठं झिंक लावून बघा ना."

शेवटी मी दोन्ही रीडिंग, केबल लावलेली आणि काढलेली, मल्टीमीटरच्या फोटोंसकट एका पानावर लिहिली. धक्क्याच्या अर्थिंगची तपासणी लेखी मागितली आणि उत्तरही लेखीच द्या म्हटलं. त्यानंतर मंजुरीला वेळ लागला नाही. तुमचंही कुठे अडलं तर पहिल्या दिवसापासून आकडे लिहून द्या. तोंडी तक्रारीला ऑफिसात जागा नसते.

या सगळ्या काळात झिंक वाचवलं ते केबल काढून ठेवून. बोटीवर कोणी नसेल तेव्हा प्लग काढायचा, बॅटरी सोलर पॅनेलवर सोडायची. हे फुकट आहे आणि आजच करता येतं.

पण कोणी सांगितलं की हिरवी वायरच कापून टाका, तर त्या माणसाला पुन्हा बोटीवर येऊ देऊ नका. ती वायर नसेल आणि बोटीत बिघाड झाला, तर करंट पाण्यातून वाट काढतो आणि जवळ पोहणारा माणूस जागच्या जागी जखडून बुडू शकतो. धक्क्याजवळ मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, हेही यातच आलं.

मोठ्या झिंकबद्दल आणखी एक. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळावरच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंड आणि झिंक लावून पाहिलं. त्यातलं 'समरांग' तर आपल्या कोचीनला बांधलेलं. तांबं वाचलं, पण ते विरघळायचं थांबल्यामुळे त्याचं विषही थांबलं आणि तळावर शेवाळ-शिंपल्यांची गर्दी झाली. जास्त संरक्षणाचेही तोटे असतात, हे दोनशे वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

आयसोलेटर बसला आणि केबल लावून-काढून दोन्ही रीडिंग जवळपास सारखी आली, तेव्हा मला केवढा आनंद झाला! पुढच्या सफाईत पाणबुड्या म्हणाला, "या वेळी बदलायची गरज नाही."

पेटी केबल बोटीत शिरते तिथेच, बाकी सगळ्याच्या आधी बसली पाहिजे. धक्क्यावरून टीव्हीची केबल घेतली असेल तर तिच्या धातूच्या आवरणातून करंट पेटीला वळसा घालतो. पेटी फेल-सेफ प्रकारचीच घ्या, म्हणजे ती बिघडली तरी अर्थिंग तुटत नाही. झिंक आठवड्याभरातच गेलं तर मात्र शेजाऱ्यांना विसरा. आधी स्वतःच्या बिल्ज पंपाची, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, पाण्यात लोंबणारी वायर पाहा, बॅटरीचा डीसी करंट याहून कितीतरी वेगानं धातू खातो. कॉलर बसवण्याआधी शाफ्ट घासून चकचकीत करा आणि ॲनोडवर, म्हणजे या झिजण्यासाठीच लावलेल्या धातूवर, रंग चुकूनही लावू नका. आमच्या चेसापीक उपसागरासारख्या मचूळ पाण्यात झिंकवर पांढरा थर धरून ते सुस्त होतं, म्हणून आम्ही आता ॲल्युमिनियमचे ॲनोड लावतो; पण बदलाल तर सगळे एकदमच बदला, झिंक आणि ॲल्युमिनियम एकत्र ठेवू नका. मॅग्नेशियम फक्त गोड्या पाण्यात. आणि उन्हाळ्यात इथे विजांचं वादळ होऊन गेलं की केबल काढून मल्टीमीटरच्या डायोड मोडवर पेटी तपासा. दोन्ही दिशांनी साधारण ०.९ व्होल्ट दिसायला हवेत, आणि आत कपॅसिटर असेल तर आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ द्या.