१०४ मिनिटांचे भजन एका व्हीसीडीवर बसवताना

गेल्या आषाढी एकादशीला आईच्या भजनी मंडळाने ठाण्यात नौपाड्यात कार्यक्रम केला आणि मी तो मोबाइलवर सलग १०४ मिनिटे चित्रित केला. आई ७८ वर्षांची आहे. मोबाइलच्या पडद्यावर तिला काही पाहवत नाही, मात्र घरातला जुना व्हीसीडी (साध्या सीडीवरचे चित्रपट दाखवणारा) प्लेअर ती रिमोटने सराईतपणे चालवते. "मध्येच उठून सीडी बदलायला लावू नकोस रे, गुडघे साथ देत नाहीत," एवढीच तिची अट होती आणि खरी अडचण नेमकी त्या अटीतच होती.

व्हीसीडीचे मानक १९९३ सालचे आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत त्यानुसार चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचे, सेकंदाला २५ फ्रेम आणि एमपेग-१ या आकुंचित स्वरूपात असावे लागते. माहितीच्या मापात चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट आणि आवाजाला २२४ किलोबिट मिळतात. या हिशेबाने ८० मिनिटांच्या सीडीवर जेमतेम ८० मिनिटेच मावतात. प्लेअर शाबूत आहे की नाही हे कळावे म्हणून मी आधी एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रामने मानकाप्रमाणेच एक भाग तयार केला आणि घरात पडून असलेल्या रीरायटेबल (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) सीडीवर लिहिला, तर प्लेअरने डिस्कच ओळखली नाही. रीरायटेबल सीडीवरून लेझरचा प्रकाश फारच कमी परावर्तित होतो आणि जुन्या प्लेअरना तो पुरत नाही. राम मारुती रस्त्याच्या आसपास तिसऱ्या दुकानात साध्या कोऱ्या सीडी मिळाल्या आणि तोच भाग लगेच चालला.

मग मानक सोडण्याची तयारी केली. व्हीसीडीत चित्राच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या तुकड्यात, २०४८ ऐवजी २३२४ बाइट बसतात, कारण चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली जागाही चित्राला दिली जाते. म्हणून ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे ८०० एमबी मावते. ती जागा १०४ मिनिटांत वाटली की चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण १०७० किलोबिट हाती येतात. मी आवाज १२८ वर आणला आणि उरलेले जवळजवळ सगळे चित्राला दिले. चित्र छान आले. टाळ मात्र बिघडले. एरवी टाळेवर टाळ आपटली की नाद खणखणीत उठतो आणि हळूहळू विरत जातो, इथे प्रत्येक ठोक्यामागे पाण्यात काही खळबळल्यासारखा आवाज येत होता, आणि आई दुसऱ्याच अभंगाला म्हणाली, "हे आमचे टाळ नाहीत."

तिचे म्हणणे मला पूर्ण पटले. भजनाच्या चित्रणात आवाजाला काटकसर लावणे हीच चूक होती. बायका एका जागी बसून गात होत्या आणि मोबाइल तिपाईवर स्थिर होता, त्यामुळे चित्रात हालचाल फारशी नव्हती. शिवाय रुंद चित्राच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्यांना जवळजवळ काहीच खर्च पडत नाही. मी आवाज पुन्हा २२४ वर नेला, चित्राची सरासरी ८२० केली आणि एन्कोडिंग, म्हणजे फाइलचे रूपांतर, दोन फेऱ्यांत करून घेतले, म्हणजे शांत भागात वाचलेले बिट हालचालीच्या भागाला मिळतील.

ही डिस्क शेवटच्या गजरापर्यंत सुरेख चालली आणि तिथे अडखळली. सगळ्या उभ्या राहून नाचू लागल्या की बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे बिट, उसळत होता. जुना प्लेअर डिस्क ठरावीक वेगानेच, सेकंदाला ७५ सेक्टर, वाचतो. त्याहून जास्त माहिती मागितली की चित्र थांबते. सरासरी कमी ठेवली तरी शिखराला मर्यादा हवीच, हे माझ्या लक्षात आले नव्हते. कमाल ११५० आणि बफर (प्लेअरची तात्पुरती साठवण) मानकाप्रमाणे ४० किलोबाइट ठेवून मी फाइल पुन्हा केली. व्हीसीडी बनवणाऱ्या व्हीसीडीइमेजर या प्रोग्रामने मानक पाळले नसल्याच्या सूचना दिल्या, पण डिस्कची प्रतिमा तयार करून दिली आणि ती मी ८ एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या आठपट, वेगाने लिहिली.

त्या रात्री आईने सगळा कार्यक्रम जागेवरून न उठता पाहिला. गजराला तिने मांडीवर ठेका धरला होता. आता मंडळातल्या अकरा जणींना डिस्क हव्या आहेत. रोज रात्री दोन लिहितो आणि प्रत्येक डिस्क आईच्या प्लेअरवर गजरापर्यंत पुढे नेऊन पाहिल्याशिवाय पाकिटात घालत नाही.