गळती मोजताना: महाविद्यालयाचा समाजशास्त्रीय अभ्यास, माझा अनुभव

ग्रामीण भागातल्या एका कला-विज्ञान महाविद्यालयात पहिल्या वर्षाला नाव घातलेली मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत का पोचत नाहीत, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय होता. आराखड्यात प्रकार्यवाद, संघर्षवाद आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद असे तीन दृष्टिकोन मांडले होते. मात्र पाठ्यपुस्तकातल्यासारखी त्यांची तीन प्रकरणं केली, तर अभ्यास तिथेच अडतो. प्रत्येक दृष्टिकोनाचा प्रश्नावलीत एक प्रश्न आणि तक्त्यात एक रकाना व्हायला हवा. हे महाविद्यालय कोणाला कोणत्या कामाकडे वळवतं, हा झाला प्रकार्यवादाचा प्रश्न. इथले नियम कोणाला घरातूनच ठाऊक असतात, हे संघर्षवाद विचारतो. कार्यालयाच्या खिडकीवर आणि वर्गात मुलाशी कोणत्या शब्दांत बोललं जातं, याकडे आंतरक्रियावाद लक्ष वेधतो.

आधी गळती म्हणजे काय ते ठरवावं लागतं. प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन मी चार याद्या मागितल्या: प्रवेशाचं रजिस्टर, हजेरीपत्रक, परीक्षा अर्ज आणि निकाल. चारही याद्यांतली संख्या वेगळी निघते. एखाद्याने टीसी नेऊन नर्सिंगला किंवा आयटीआयला प्रवेश घेतलेला असतो, त्याचं शिक्षण सुटलेलं नाही. काही विषय राहिले तरी एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षाला गेलेलाही गळलेला नाही. उलट प्रवेश कायम ठेवून परीक्षा अर्जच न भरलेली मुलगी प्रवेशाच्या आकड्यात हजर दिसते आणि खरी गळती तिथेच असते. नावांच्या स्पेलिंगवर भरवसा न ठेवता पीआरएनवरून, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या कायम नोंदणी क्रमांकावरून, याद्या जुळवाव्यात. या कामाला किमान दोन आठवडे धरा.

राष्ट्रीय आकडे वापरताना हीच काळजी घ्यावी लागते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणीचं प्रमाण, म्हणजे जीईआर, 28.4 टक्के होता. अनुसूचित जातींसाठी तो 25.9, तर अनुसूचित जमातींसाठी 21.2. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रो यांच्या मांडणीत 15 टक्क्यांपर्यंत मूठभरांचं, 15 ते 50 टक्के मोठ्या समूहाचं आणि त्यापुढे सार्वत्रिक उच्च शिक्षण; त्या हिशेबाने आपण मधल्या टप्प्यावर आहोत. पण जीईआर म्हणजे कोणत्याही वयाच्या नोंदणीला 18 ते 23 वयाच्या अंदाजित लोकसंख्येने भागून काढलेला आकडा. दारातून किती जण आत आले ते त्यातून कळतं; किती टिकले, हे त्याला विचारून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त चुका प्रश्नावलीत होतात. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात निम्मी मुलं ‘शेती’ लिहितात. दोन एकर जिरायत असलेला आणि दहा एकर ऊस असलेला त्यात एकाच ओळीत बसतो. म्हणून मी प्रश्न फोडला: जमीन किती, बागायत की जिरायत, घरातलं कोणी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातं का, ऊसतोडीला जातं का. ऊसतोडीच्या प्रश्नाने हजेरीपत्रकही वेगळं वाचता येतं. दिवाळीनंतर कोयता घेऊन घर हलतं, तेव्हा काही मुलं आई-वडिलांबरोबर जातात आणि काही धाकट्या भावंडांना सांभाळायला गावी थांबतात. रजिस्टरमध्ये दोघांचीही फक्त गैरहजेरी लागते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांची सांस्कृतिक भांडवलाची, म्हणजे शिक्षणात उपयोगी पडणारी भाषा, माहिती आणि सवयी घरातूनच मिळण्याची, कल्पना फार कामाची आहे, पण त्यांचे निर्देशांक फ्रान्सचे. संग्रहालयाच्या भेटी इथे मोजून काय मिळणार? मी विचारलं: प्रवेशाचा फॉर्म कोणी भरला? विषय कोणी निवडले? बारावीनंतर शिकलेलं घरात किंवा भावकीत कोणी आहे का? पहिली ते दहावी माध्यम कोणतं होतं? महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला तर कोणाकडे जाता? फॉर्म भरणाऱ्या नेट कॅफेवाल्यानेच विषय निवडले, असं उत्तर आलं की भांडवलाचा अभाव नेमका कुठे बोचतो ते दिसतं. दहा मुलांवर प्रश्नावली आधी तपासून घ्या. जात सगळ्यांसमोर तोंडी विचारू नका. परवानगी घेऊन प्रवर्ग रजिस्टरमधून घ्यावा.

मुलाखती विभागात किंवा स्टाफरूममध्ये घेतल्या तर ‘सगळं चांगलं आहे’ एवढंच हाती लागतं. एसटी स्टँड किंवा वाचनालयाचा कट्टा बरा. गळलेल्या मुलांचे फोन बहुधा लागत नाहीत: रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर फॉर्मवर नंबरच कॅफेवाल्याचा असतो. त्यांच्यापर्यंत गावातल्या वर्गमित्रांकडून पोचता येतं. मुलींशी बोलायला सोबत एक बाई असावी; घरचे समोर बसले तर लग्नाचा विषय निघतच नाही. तासाभराची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास लागतात. बोली जशीच्या तशी ठेवा. ‘मास्तर इचारतच न्हाईत’ याचं प्रमाण मराठी केलं की त्यातला अपमान निघून जातो.

विश्लेषणात मला सर्वांत धोक्याचा वाटलेला शब्दप्रयोग म्हणजे ‘घरी वातावरण नाही’. शिक्षक तो सहज वापरतात, आणि आपणही नकळत त्याला सिद्धान्ताचा मुलामा देतो. मग सगळा दोष घराकडे जातो आणि महाविद्यालय सुटतं. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे नजर उलट्या दिशेने वळवली होती: महसूल रयतेच्या घामाचा, तर वरच्या शिक्षणाचा लाभ कोणाला? मी तोच क्रम धरला आणि प्रत्येक मुलाखतीतून संस्थेने काय केलं याची वेगळी नोंद काढली. शेवटची बस किती वाजता, प्रात्यक्षिक किती वाजता संपतं, वसतिगृहाची यादी कधी लागते, पहिल्या वर्षी विज्ञान एकदम इंग्रजीत शिकवताना मधला पूल होता का. मग तशाच घरातून येऊनही टिकलेली मुलं शोधली. कोणाला वसतिगृहात जागा मिळाली होती, कोणाला ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम. अशी विरुद्ध उदाहरणं नसतील तर बोर्द्यूंचं नाव कुठल्याही माहितीवर चिकटवता येतं.

लिहिताना फक्त महाविद्यालयाचं नाव बदलून भागत नाही. ‘साखर कारखान्याजवळचं तालुक्यातलं एकमेव वरिष्ठ महाविद्यालय’ एवढ्यावरून ते कोणीही ओळखेल, आणि एका प्रवर्गातली एकटी मुलगीही. असे तपशील मी काढले किंवा दोन मुलाखतींत विखुरले, आणि छापण्याआधी ज्याचा त्याचा उतारा ज्याला त्याला वाचून दाखवला.