उजाडल्यावर, पण उन्हाच्या आधी

कॉस्प्लेच्या, म्हणजे कथेतल्या पात्राचा वेश करून काढायच्या, छायाचित्रणासाठी पात्र निवडताना एका गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. ती म्हणजे ऊन. ‘डेमन स्लेयर’ या जपानी चित्रकथेतली नेझुको कामादो ही राक्षस झालेली मुलगी आहे, आणि राक्षसाला ऊन लागले की तो जळून नाहीसा होतो, म्हणून दिवसा तिचा भाऊ तान्जिरो तिला लाकडी पेटीत बसवून पाठीवरून नेतो. अशा मुलीची छायाचित्रे उघड्यावर काढायची, तर फटफटल्यापासून सूर्य वर येईपर्यंत जो अवधी मिळेल तेवढ्यातच काम उरकायला हवे. डिसेंबरात पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, म्हणून आम्ही तिघे साडेपाचलाच वेताळ टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो.

पोशाखावर दोन महिने गेले होते. नेझुकोच्या गुलाबी किमोनोवर ‘आसानोहा’ नावाची नक्षी असते. ती भांगेच्या पानावरून घेतलेली आहे. हे झाड झपाट्याने आणि सरळ वाढते, म्हणून जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ही नक्षी घालण्याची रीत आहे. मी पुठ्ठ्याचा साचा कापून ती सुती कापडावर रंगवली, आणि पाठीमागच्या रेघा थोड्या तिरक्या गेल्या आहेत हे इथेच कबूल करते. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर यावी लागते, कारण उलट नेसवतात ती मृताला. घरी मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात मला नेमके उलटे दिसले तेव्हा छातीत धस्स झाले. तो कॅमेरा आरशासारखी प्रतिमा जपून ठेवतो, हे लक्षात यायला पाच मिनिटे लागली.

नेझुकोच्या तोंडात बांबूचा तुकडा बांधलेला असतो. माझ्या तोंडातला बांबू मात्र खरा होता. बुरूड आळीत मी दोन पेरांमधला पाच इंचांचा तुकडा मागितला, तेव्हा कारागिरांनी तो कशासाठी हवा हे विचारले आणि माझे उत्तर ऐकून, काही न बोलता, त्याच्या कडा दोनदा घासून दिल्या.

या बांबूमुळेच नेझुको साकारणे वाटते त्याहून फार अवघड होते. ती बोलत नाही, तिचे ओठ दिसत नाहीत. राग, माया, झोप, कुतूहल हे सगळे डोळ्यांतून आणि मानेच्या कलातून दाखवावे लागते. तोंड झाकलेले असले की माणूस नकळत भुवया उंचावतो, आणि मग प्रत्येक छायाचित्रात चेहरा नुसता दचकलेला दिसतो. पहिली वीसेक छायाचित्रे तशीच वाया गेली. शेवटी मी बांबूआड खरोखर हसू लागले, तेव्हा खालच्या पापण्या किंचित वर आल्या आणि कॅमेऱ्यामागची मैत्रीण प्रथमच गप्प झाली. हसू दिसणार नसले तरी हसावेच लागते, हे आरशासमोरच्या सरावात मला कळले नव्हते. त्यात डोळ्यांत घातलेल्या गुलाबी कॉन्टॅक्ट लेन्स आणि गार वारा यांमुळे डोळ्यांतून सारखे पाणी येत होते. भावाला शोधणाऱ्या दृश्यात ते खपून गेले.

उजेड इतका कमी होता, की ८५ मिमीच्या लेन्सचे छिद्र पूर्ण उघडूनही आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२०० वर न्यावा लागला. त्यामुळे छायाचित्रांत थोडे दाणे दिसतात, पण त्या निळसर प्रकाशात वाळलेल्या गवताचा पिवळेपणा मावळला आणि गुलाबी रंग एकटाच उठून दिसला. एवढ्यात फिरायला आलेल्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, “काय गं, नाटक आहे का?” मला उत्तर देता येईना. फोमची तलवार कमरेला लावलेल्या आमच्या तान्जिरोने “हो आजी, बहीण आहे माझी,” असे सांगून वेळ मारून नेली.

सात वाजून गेले आणि झाडांच्या शेंड्यांवरून ऊन थेट माझ्या तोंडावर आले. मी डोळे मिटून बाही कपाळाशी धरली, आणि मैत्रिणीने त्याच क्षणी बटण दाबले. त्या सकाळचे सर्वांत देखणे छायाचित्र तेच, असे तिचे ठाम मत आहे. नेझुको पुढे उन्हावर मात करते हे खरे. पण कथेतल्या त्या पहाटे तिच्या तोंडात बांबू नसतो आणि ती चक्क बोलते. बांबूसकट उन्हात उभी राहिलेली नेझुको कथेत नाही, म्हणून ते छायाचित्र मी इथे लावलेले नाही. मैत्रीण अजून रागावलेली आहे.