आठ माग आणि एक पेनड्राइव्ह

त्या दिवशी मी ऑफिसचं कुलूप काढायच्या आधीच तिघं पायरीवर येऊन बसले होते. माझी पक्षकार, तिची आई आणि धाकटा भाऊ. आई विड्या वळते. बोटांची टोकं तंबाखूनं काळपट पडलेली, आणि त्याच बोटांनी ती लेकीचा फोन पदराच्या टोकात धरून बसली होती. पोटगीच्या अर्जाची तारीख होती. (ओळख पटेल असे तपशील मी इथं बदलले आहेत.)

नवऱ्यानं शपथपत्रात लिहिलं होतं की तो दुसऱ्याच्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर मजुरी करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधल्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. सोलापुरात खरी अडचण तिथंच येते. माग चालवतो एक आणि कागदावर असतात वडिलांच्या, मामाच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावावर. बाईनं ते सिद्ध करायचं कशानं?

भावानं टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला. "मॅडम, ह्यात सगळं हाय. शंभराच्या वर कॉल हायत. भाऊजी आता सुटत नाहीत."

मी पेनड्राइव्ह लावला आणि मधलीच एक फाइल उघडली. इथं माझी चूक झाली. आधी विचारायला हवं होतं, मी आधी ऐकलं.

आवाज बाईचा होता, पण माझ्या पक्षकाराचा नव्हे. कुठल्याशा मैत्रिणीशी ती मराठीत बोलत होती. काखेत गाठ लागतेय, सिव्हिलला सुई घालून तपासायला सांगितलंय, घरी अजून कुणाला बोलले नाही, तूही बोलू नकोस. तेवढ्यात माझी पक्षकार म्हणाली, "ही नणंद माझी." मी फाइल बंद केली. पण कानावर पडलं ते पडलंच.

"हे कुठून आणलंस?" मी भावाला विचारलं.

तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. बहीण नांदत होती तेव्हा भाऊजींचा फोन काच बदलायला त्याच्याकडे आला होता. त्यानं त्यात एक ॲप टाकून दिलं. त्या फोनवरचा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होऊन ह्याच्याकडे यायचा. नणंदेकडे बॅलन्स नसला की ती भावाचा फोन घ्यायची.

"पण मॅडम, सुप्रीम कोर्टानंच परवानगी दिली ना? व्हॉट्सॲपवर आलतं."

हे मला गेल्या वर्षभरात किती जणांनी ऐकवलं असेल. १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तेव्हापासून लोक पेनड्राइव्ह घेऊन यायला लागले. त्या प्रकरणात नवऱ्यानं बायकोबरोबरचे स्वतःचे कॉल तिच्या नकळत रेकॉर्ड केले होते. भटिंड्याच्या कौटुंबिक न्यायालयानं ते घेतले, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं खासगीपणाचा भंग म्हणून नाकारले, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा घ्यायला सांगितले. जुन्या पुरावा कायद्याचं (२०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय) कलम १२२ नवरा-बायकोच्या आपसातल्या बोलण्याला संरक्षण द्यायचं, पण दोघंच एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे असतील तर त्याच कलमात अपवाद होता, असं त्यात म्हटलंय. बोलणाऱ्या दोघांपैकी एकानं केलेलं रेकॉर्डिंग, एवढीच ती गोष्ट. दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरून तिसऱ्या-चौथ्याचं बोलणं ऐकायची मुभा त्यात कुठंही नाही.

मी त्याला सरळ सांगितलं. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये असं काही टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याचा कॉल बेकायदा मधेच पकडण्यासाठी २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे कोर्ट हे घेणारच नाही?"

खोटं बोलायचं नव्हतं. आपल्याकडे पुरावा चुकीच्या वाटेनं मिळवला म्हणून आपोआप बाद होत नाही. कोर्ट कदाचित तो बघेलही. पण पुरावा चालणं वेगळं आणि तो मिळवणारा निर्दोष असणं वेगळं. आणि गुन्ह्याचं राहू दे, त्या नणंदेनं आपलं काय वाकडं केलंय? तिची गाठ आपल्या पोटगीच्या कागदात कशाला? "हा पेनड्राइव्ह मी दाखल करणार नाही. ते ॲप आजच बंद कर." आई इतका वेळ गप्प होती. तिनं लेकाकडे बघून तेलुगूत एकच वाक्य म्हटलं. मला कळलं नाही, पण त्यानं मान खाली घातली.

मग मी माझ्या पक्षकाराला विचारलं, तू स्वतः नवऱ्याशी बोललीस असा एखादा कॉल आहे का?

होता. तिच्या जुन्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. आईनं पदरात धरलेला तो हाच फोन. अकरा मिनिटांचा कॉल, तेलुगूत. टायपिंगवाल्याकडून तिनं तो मराठीत उतरवून आणला होता आणि मोक्याच्या वाक्याला त्यानं लिहिलं होतं : "आठ माग (कोणाच्या?) नावे". मीही ऐकलं, मलाही तेच ऐकू आलं : "एनिमिदि मग्गालु नावे." नावे, म्हणजे कुणाच्या तरी नावे. पुढचा शब्द फोनच्या खरखरीत गेला असेल, असं वाटलं.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक बसतात, घरची भाषा तेलुगू. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी कानाला फोन लावला, परत लावायला सांगितला आणि म्हणाले, "अहो, ह्यात गेलेलं काहीच नाही. वाक्य पुरं आहे. नावे म्हणजे माझेच. आठ माग माझेच आहेत, असं म्हणतोय तो."

ती खुर्चीत ताठ बसली. "मी तेच सांगत होते," एवढंच म्हणाली.

पुढचा तास कागदांत गेला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, त्यात फाइलचा हॅश (फाइल बदलली नाही हे ताडून बघायचा अंक-अक्षरांचा ठसा), एक भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. अनुवादाबरोबर गुरुजींचं शपथपत्र. आणि फोन विकायचा नाही, रीसेट मारायचा नाही, फाइल कापायची नाही. हे मी तिला तीनदा बजावलं.

कोर्टात समोरच्या वकिलांनी खासगीपणाचा मुद्दा घेतला. मुद्दा पोकळ नव्हता. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं तो मूलभूत हक्क केलाय. मी विभोर गर्ग दाखवला, आणि त्याआधीचा आपल्याच राज्यातला १९७२ चा मलकानी निकाल. त्यात डॉक्टरनं स्वतःच्या फोनवरचं बोलणं पोलिसांना टेप करू दिलं होतं आणि ते ग्राह्य धरलं गेलं. फोन आणि फाइल रेकॉर्डवर घ्यायला परवानगी मिळाली. आवाज त्याचाच का, फाइलमध्ये फेरफार झालाय का, हे पुढं साक्षीत ठरायचं होतं.

बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर नणंद बसली होती. आवाज ऐकला नसता तर ओळखलंही नसतं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून केसपेपरचं टोक बाहेर आलेलं. मला बघून ती उठली.

"मॅडम, झालं का आमचं? मला जायला जमंल? सिव्हिलला एकच्या आत नंबर लावायचाय."

"झालंय. जा तुम्ही," मी म्हटलं. मग न राहवून विचारलं, "कुणाला दाखवायचंय?"

"आईला," ती म्हणाली, आणि केसपेपर पिशवीत आत ढकलला.