मेव्हणा आणि गवा

कोल्हापुरात गप्प बसलेल्या माणसाला कुणी गप्प बसू देत नाही. "काय भावा, बरं नाही काय?" असं विचारणारा कुणीतरी भेटतोच. रंकाळ्यावर पहाटे फिरायला जावं, तर तिथंही उसाचा दर, कुणाच्या पोरीचं स्थळ, निवडणूक आणि शेवटी मिसळ. पायांना व्यायाम होतो, हे खरं. (मिसळीनंतर तोही वजा.) पण याला निसर्गाच्या सहवासात जाणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून मी सवड मिळाली की राधानगरीकडं गाडी वळवतो. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, त्या लक्ष्मी तलावाच्या पुढं रस्ता झाडीत शिरतो. दाजीपूरचं हे रान एकेकाळी संस्थानची शिकारीची जागा होती; 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. ऐन, हिरडा, जांभूळ, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निळ्याजांभळ्या फुलांनी लगडलेली अंजनी. नशीब असेल तर वर शेकरू. मोबाईलची रेंज मध्येच कुठंतरी सुटते, तिथं मला बरं वाटायला लागतं.

झाडं दिसली की मन शांत होतं, असं लोक सांगतात. माझं होत नाही, निदान लगेच तरी नाही. बाहेरचा आवाज थांबला की आतला सुरू होतो. आणि तो आत्मा-परमात्म्याचा नसतो हो! मेव्हण्यानं वास्तुशांतीच्या पंगतीत मारलेला एक टोमणा, लग्नपत्रिकेत खाली गेलेलं आपलं नाव, ऑफिसात दुसऱ्याला आधी मिळालेली खुर्ची. शहरात मी सगळ्यांना सांगत असतो की कामानं जीव मेटाकुटीला आलाय. रानात तासभर बसलो, तर त्या सगळ्या आठवणींत काम कुठंच नसतं. दमवलेलं असतं ते मानपानानं. हे मला घरी कधीच कळलं नसतं, कारण घरी तेवढा वेळ कुणी एकटं सोडत नाही.

अशा वेळी एकदा गवा दिसला. एवढं थोरलं धूड, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि परत चरायला लागला. माझी दखल इतक्या कमी शब्दांत याआधी कुणी घेतली नव्हती, आणि गंमत म्हणजे मला त्याचं काही वाटलं नाही.

अमेरिकेत रॉजर उलरिच या संशोधकानं पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासून 1984 मध्ये निष्कर्ष छापले होते. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामकांचे जोरदार डोसही कमी लागले. मला त्यातली खिडकी आवडते. झाडाखाली जाऊन बसायचीही गरज नाही, नुसतं दिसलं तरी पुरतं. आठवडाभर मग टाऊन हॉलच्या बागेतल्या जुन्या झाडांवर मी भागवतो.

मेव्हण्याशी अजून तेवढ्यास तेवढंच बोलणं आहे. बायकोला मी टोमण्याचं सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, पुढच्या वेळी त्यालाही रानात घेऊन जा. विचार चाललाय. घाटाला गाडी त्याचीच बरी.