पद्मिनीच्या इंजिनातील तेलगळतीचा माग

वडिलांनी १९८७ साली घेतलेली आमची प्रीमियर पद्मिनी गेली दोन वर्षे जिथे उभी राहील तिथे तेलाचा डाग सोडत होती. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर लोंबणारा थेंब पाहिला आणि लगेच निदान केले, "साहेब, क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे सील म्हणजे क्रँकच्या, इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाशी तेल अडवणारी कडी. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली आणि आधी स्वतःच शोध घ्यायचे ठरवले.

हे १०८९ सीसीचे इंजिन मुळात इटलीच्या फियाट ११००चे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये 'डिलाइट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने निघालेल्या गाड्यांत तेच होते. रचना साधी असल्यामुळे तेल बाहेर पडू शकेल अशा जागा मोजक्याच आहेत. अडचण एवढीच की तेल सुटते एका जागी आणि ठिबकते दुसऱ्याच जागी, कारण गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते, तर रेडिएटरच्या पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे पुढच्या किंवा वरच्या भागातून सुटलेले तेलही शेवटी मागच्या जोडावरच गोळा होते आणि बिचाऱ्या मागच्या सीलवर आळ येतो.

इंजिन डिझेल आणि ब्रशने घासून, धुऊन पूर्ण कोरडे केले, त्यावर घरातली टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी वीस किलोमीटर फिरवून आणली. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा पांढऱ्या पावडरीवर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यापासून निघालेली एकच काळी रेघ ब्लॉकवरून थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत उतरलेली होती. फ्युएल पंपाच्या बुडाशीही पावडर ओली होऊन तिची पेस्ट झाली होती. मागचे सील निर्दोष सुटले, निदान त्या दिवशी तरी.

टॅपेट कव्हरचे कॉर्कचे पॅकिंग वाळून इतके कडक झाले होते की बोटांत त्याचे तुकडे पडले. नवे पॅकिंग मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाले. ते बसवताना कॉर्क किंचित फुगेपर्यंतच नट आवळला, कारण जास्त आवळल्याने गळती थांबते हा आपल्याकडचा समज कॉर्कच्या बाबतीत अगदी उलटा आहे. पंपाखालचे पॅकिंगही बदलले आणि मी निर्धास्त झालो.

तीन आठवड्यांत तोच कोपरा पुन्हा ओला झाला, शिवाय आता चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या पत्र्याच्या टाकीच्या, कडेनेही तेल झिरपू लागले. एकाच वेळी दोन पॅकिंग हार मानतात तेव्हा दोष पॅकिंगचा नसावा, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतच असतो आणि तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. तो तुंबला तर आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. मी ब्रीदरची नळी काढली. तिच्यात काळा, खरवडीसारखा थर असा बसला होता की तोंडाने फुंकरही पलीकडे जाईना. ही नळी सुरुवातीलाच पाहायला हवी होती. फुकटचे काम सर्वांत शेवटी केले, याची चीड आजही येते.

नळी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून साफ केली. तेल काढून चेंबर उतरवला, तेव्हा पूर्वी कोणीतरी बोल्ट जोर लावून आवळल्यामुळे प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचललेला दिसला. अशा कडेवर कोणतेही पॅकिंग सपाट बसणार नाही, म्हणून ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने ठोकून सरळ केली आणि मगच नवे पॅकिंग लावले.

आता रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवतो आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवतो, म्हणजे डाग नेमका कशाखाली पडला ते सकाळी कळते. गेल्या महिन्याभरात मागच्या बाजूला एकही डाग नाही. पुढे मात्र टायमिंग कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या तोंडावरच्या झाकणाच्या, सीलखाली आठवड्याला रुपयाएवढा एक ठिपका दिसतो. ते सील बदलायचे तर क्रँकची पुली काढावी लागेल. रेडिएटर दुरुस्तीसाठी उतरवायचाच आहे, तेव्हा पुलीपर्यंत हात मोकळा पोहोचेल, आणि तोपर्यंत पुठ्ठा तिथेच राहील.