झेनॉन फोर बाय फोर: उंची कमी केली तेव्हा कुठे गाडी चढायला लागली

मंडळी, तीन महिने काही लिहिलं नाही कारण गाडी स्टँडवरच होती, आता चालती झालीये म्हणून सगळं एकदम सांगतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात, २०११ ची टाटा झेनॉन एक्सटी फोर बाय फोर पिकअप, २.२ डायकॉर डिझेल इंजिन, १४० पीएस, ३२० एनएम, आणि मी घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने तिची उंची वाढवलेली होती. लांबून बघितली की मन भरायचं. पण कच्च्या रस्त्याला लागली की पुढून सारखं ठक ठक ठक, आणि जरा वाकडातिकडा चढ आला की एक पुढचं चाक हवेत आणि गाडी जागेवर.

मी पण वर्षभर हेच समजत होतो की उंची कमी पडतेय. उलटं होतं.

झेनॉनला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे चेसिसच्या बाजूने मागे गेलेली लांब सळई जी पिळली जाते आणि स्प्रिंगचं काम करते. तिच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो आवळला की गाडी वर उचलली जाते, खर्च शून्य, म्हणून सगळे तेच करतात. पण बोल्ट आवळून चाकाची एकूण हालचाल काही वाढत नाही, तेवढीच राहते, फक्त गाडी तिच्या वरच्या टोकाला जाऊन बसते आणि चाकाला खाली लटकायला जागाच उरत नाही. माझ्या गाडीत आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा, वरखाली हलणारा हात) रबरच्या स्टॉपला जवळपास टेकलेलाच होता, तो ठक ठक आवाज तिथूनच यायचा. चेसिसखाली जॅक लावून हळूहळू उचलत बघितलं तर उजवं चाक जेमतेम दोन बोटं खाली आलं आणि जमीन सोडली. मग खड्ड्यात ते चाक खाली जाणार तरी कसं?

हबच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला, डावीकडे ५६ सेंटिमीटर, उजवीकडे ५४.५. दोन्ही बाजू सारख्या पण नव्हत्या. बोल्टांना दोन दिवस डब्ल्यूडी ४० मारत राहिलो, पांढऱ्या रंगाने मूळ जागेची खूण केली (हे विसरू नका, नंतर काहीच आठवत नाही), चाकं लटकती ठेवून एकेक फेरा सोडत गेलो, डावीकडे जास्त उजवीकडे कमी. गाडी खाली घेऊन पुढे मागे ढकलायची, बंपर दाबून दोन हिसके द्यायचे आणि मगच परत मोजायचं, नाहीतर माप खोटं येतं. चौथ्या खेपेला दोन्हीकडे ५२.५ वर बसली. म्हणजे डाव्या बाजूने जवळपास दीड इंच खाली. डावा बाहेरचा सीव्ही बूट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचं ग्रीस भरलेलं रबरी आवरण) फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा पट्टा उमटला होता, शाफ्ट इतका तिरका चालत होता की बूट फाटणारच, दोन्हीकडचे नवीन टाकले. मग अलाइनमेंट. आधी पुढचे टायर फक्त बाहेरच्या कडेला झिजत होते, तेही थांबेल.

मागच्या बाजूची कथा जास्त गंभीर आहे. ॲक्सल आणि पाट्यांच्या (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगच्या) मधे उंची वाढवायला एकावर एक असे दोन ब्लॉक, म्हणजे ठोकळे, होते. पाटेवाल्या चाचांनी खाली वाकून नुसतं बघितलं आणि म्हणाले, "साहेब, बाकीचं काम नंतर, आधी हे बाहेर काढू." ब्लॉक जेवढा उंच तेवढा ॲक्सलला पाटे पिळायला दांडा मोठा मिळतो, चढावर क्लच सोडला की पाटा नागमोडी वळतो आणि झटक्यात सुटतो, चाक थाडथाड उडतं, आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात ते वेगळंच. दोन्ही ब्लॉक काढले, बसलेले पाटे बदलून नवे टाकले, पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट नवेच घेतले कारण एकदा ताणलेला यू बोल्ट परत वापरायचा नसतो, आणि शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) मूळपेक्षा दोन इंच लांब बनवून घेतलं. शॅकल दोन इंच वाढलं तर गाडी एकच इंच उचलते कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. मला तेवढंच हवं होतं. १०० किलोमीटर चालवून यू बोल्ट परत आवळले, दोन तर अर्धा फेरा फिरले.

आता एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. मागच्या ॲक्सलवरून वर चेसिसकडे एक बारीक सळई जाते, ती ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची. हौद्यात माल असला की मागची बाजू बसते, सळई वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. गाडी उचलून सळई तशीच ठेवली तर व्हॉल्व्हला वाटतं हौदा कायमच रिकामा आहे, आणि मागचे ब्रेक कायम कमी लागतात. माझी गाडी अशीच चालत होती, घाट उतरताना सगळा भार पुढच्या डिस्कवर. सळईची जागा नवीन उंचीप्रमाणे ॲडजस्ट करून घेतली आणि पहिल्याच ब्रेकला फरक कळला. ज्यांनी ज्यांनी पिकअप उचललीये त्यांनी आजच खाली वाकून बघा, आणि चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा होज ताणला जातोय का तेही बघा.

टायर २३५/७० आर १६ चे २४५/७५ आर १६ केले. व्यास साधारण ३८ मिलिमीटरने वाढला, म्हणजे मागच्या डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) खाली १९ मिलिमीटर जागा मिळाली, आणि ही जागा फक्त टायरनेच मिळते, बॉडी कितीही उचला डिफरन्शियल आहे तिथेच राहतं. मीटरवर ६० दिसतात तेव्हा खरे ६३ असतात, एवढं लक्षात ठेवायचं. २६५ रुंदीचा टायर पण लावून बघितला होता, पूर्ण वळणावर आत घासला, सोडून दिला.

डिफरन्शियलचं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. तापलेलं डिफरन्शियल ओढ्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आतबाहेर जायच्या छोट्या भोकातून), सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला पाइप लावून हौद्याच्या कडेपर्यंत वर नेला, किरकोळ खर्चाचं काम.

गेल्या रविवारी वेल्ह्याकडे मित्राच्या शेतात ट्रायल घेतली. खाचरांच्या कडेची जुनी गाडीवाट, मधे ओढा, पुढे तिरके खड्डे पडलेला लाल मातीचा चढ, ज्यावर मागच्या पावसाळ्यात तीनदा अडकलो होतो. टायर ३२ वरून २० पीएसआयवर आणले, हौद्यात ॲक्सलच्या जरा पुढे वाळूची दोन पोती टाकली (वजन असलं की हौदा उडत नाही, आणि अडकलात तर तीच वाळू चाकाखाली), फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू गिअर) टाकली आणि सावकाश सोडली. डावं चाक खड्ड्यात उतरताना खिडकीतून मान काढून बघत होतो, आर्म खाली जातोय, टायर मातीला धरून आहे, आवाज नाही. पहिल्या खेपेत वर. मित्राचे वडील बांधावर उभे होते, म्हणाले, "आता कशी बैलावानी पाय टाकत गेली बघ." मला ते फार आवडलं.

कायद्याचं पण सांगतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असले बदल पासिंगला नडतात, आणि माझ्या गाडीची १५ वर्षं यावर्षीच भरतायत, म्हणून मूळ शॅकल, मूळ टायर आणि चारही रिम जपून ठेवलेत. आधीच्या मालकाचा बुलबार तर पहिल्याच आठवड्यात उतरवला, २०१७ पासून त्यावर बंदीच आहे.

आता राहिलं पोटाचं. ३१५० मिलिमीटरचा व्हीलबेस, बांध ओलांडताना मधेच टेकते, त्या दिवशी ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीखाली) एक दगड लागलाच. तिच्याखाली लावायच्या ४ मिलिमीटरच्या संरक्षक पत्र्याचा कागदी नमुना कापलाय, ऑइल ड्रेनला भोक ठेवून. कोणी ६ मिलिमीटर वापरला असेल तर वजनाचा पुढच्या टॉर्शन बारवर किती फरक पडला ते सांगा, वेल्डरकडे शनिवारी जाणार आहे.